होडीत पाणी येते कुठून?

कुर्डुवाडी म्हटले की माणसाला रेल्वे आठवते, होडी आठवत नाही. बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ १८९७ साली इथून बार्शीकडे गेले. पुढे पंढरपूर, लातूर, मिरज ही गावे त्यांनी जोडली, आणि त्या चिमुकल्या इंजिनांची दुखणीबाणी काढणारा कारखाना आमच्या गावात उभा राहिला. होडीची गोष्ट काढलीच, तर लोक चंद्रभागेकडे हात करीत.

पण १९८० साली माढा तालुक्यातले उजनीचे धरण पुरे झाले. भीमेचे पात्र फुगत फुगत करमाळा आणि इंदापूर तालुक्यांत शिरले. काठची गावे उठून वर आली, आणि एका तीरावरच्या माणसाची सोयरीक, बाजार, दवाखाना दुसऱ्या तीरावर राहिला. सडकेने जायचे तर केवढा तरी वळसा. मग मोटारीच्या होड्या आल्या. माणसे, दुचाक्या, केळीचे घड, माहेरवाशिणी, सारे त्यांतून जाऊ लागले.

अशीच एक होडी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने घेतली. फायबरची, पोटात डिझेल इंजिन बसवलेली, आणि अर्थात जुनी. घेतल्यापासून रोज सकाळी तिच्यात चार बादल्या पाणी साचलेले असे. चार बादल्या म्हणजे काही प्रलय नव्हे, असे तो प्रथम म्हणत असे. पुढे २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली एक होडी वादळात सापडून उलटली आणि सहा जीव गेले. ते संकट वाऱ्याचे होते, भोकाचे नव्हे. पण त्यानंतर या घरात त्या चार बादल्यांकडे कोणी हसून पाहीना. होडीतले पाणी स्वस्थ बसत नाही. होडी ज्या अंगाला कलते त्याच अंगाला ते धावते आणि तिला आणखी कलवते. वारा सुटलेला असताना असला उतारू कोणाला हवा?

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा घरात दोन पक्ष पडले होते. थोरला म्हणे, पाणी मागे साचते, तेव्हा दोष मागचाच, ग्लँडचा. आमच्या भागात ज्याच्या विहिरीवर पंप आहे त्याला ग्लँड सांगावा लागत नाही. फिरता दांडा भिंतीतून आरपार न्यायचा आणि पाणी मात्र येऊ द्यायचे नाही, यासाठी दांड्याभोवती तेलकट दोरीची वेटोळी ठासून वरून आवळतात, ती ही युक्ती. सॅम्युएल मोर्लंड नावाच्या इंग्रजाने १६७५ च्या सुमारास आपल्या पाण्याच्या पंपाला ती वापरली. पुढे जेम्स वॉटने तीच वाफेच्या इंजिनाला लावली. १८४० च्या आसपास जहाजांना पाण्याखाली फिरणारा पंखा आला, तेव्हा जहाजाच्या पिछाडीलाच भोक पाडून दांडा बाहेर काढणे भाग पडले, आणि वॉटची दोरी तिथेही कामाला आली. तरी जहाजांचे दांडे आपल्या पितळी बेअरिंगा झिजवीत आणि पाणी आत घेत. १८५४ साली जॉन पेन याने तिथे एका अतिकठीण लाकडाच्या पट्ट्या बसवून हा त्रास संपवला. लोखंडाशी झुंजायला पितळ हरले आणि लाकूड पुरले, याची मला अजून मौज वाटते.

असो. थोरल्याने ग्लँड आवळला. पाणी थांबले नाही, म्हणून आणखी आवळला. शेवटी दांडा इतका तापला की हात लावता येईना. सकाळी पाहावे तो चार बादल्या तयार!

धाकटा म्हणे, चार कुठल्या, सहा झाल्या. भोक मोठे होत चालले आहे. त्याने काठी बुडवून मोजले होते. आई देवापुढे दिवा लावून होडी विकायची भाषा बोलू लागली.

तिसऱ्या दिवशी या मुलांचे वडील, आबा, कुर्डुवाडीच्या घरून आले. त्यांची सारी नोकरी कारखान्यात वाफेच्या इंजिनांखाली गेलेली. त्यांनी दोघांनाही काठी घेऊन होडीत उतरायला लावले. थोरला काठी टेकवीत होता ती होडीच्या अगदी बुडाला. धाकटा आतल्या फळीवर एके दिवशी, तर दुसऱ्या दिवशी फळी उचलून खाली. फळी आणि बूड यांत चांगले तीन बोटांचे अंतर! पाणी वाढले नव्हते, मोजण्याची जागा बदलली होती.

मला हसू आले, कारण हीच चूक एका जगप्रसिद्ध जहाजावर झालेली आहे. कॅप्टन कुकचे एन्डेव्हर जहाज ११ जून १७७० च्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला प्रवाळाच्या खडकावर चढले. तोफा, वजनी सामान समुद्रात फेकून ते सुटे केले. माणसे रात्रंदिवस पंप हाणीत होती. अशात पाण्याची खोली मोजणारा माणूस बदलला. पहिला आतल्या फळ्यांपासून मोजत होता, नवा बाहेरच्या फळ्यांपासून मोजू लागला. पाणी एकाएकी सोळा-अठरा इंच वाढल्याचे दिसले आणि त्या जहाजावर प्रथमच सर्वांच्या काळजात भीती शिरली. चूक ध्यानात येताच तेच लोक दुप्पट जोराने कामाला लागले. मग लोकर, काथ्या आणि शेण थापलेले एक शीड त्यांनी जहाजाच्या पोटाखालून ओढून घेतले. आत घुसणाऱ्या पाण्यानेच ते भोकावर चिकटवले. काही दिवसांनी जहाज नदीच्या मुखाशी काठावर घेऊन पाहतात, तो प्रवाळाचा एक मोठा तुकडा मोडून भोकातच अडकलेला! बुडवायला निघालेल्या खडकानेच बूच मारून ठेवले होते.

आबांना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "गुरुजी, ते झालं त्यांचं. आपली होडी उभी असताना भरते का चालताना?"

हा प्रश्न आम्हा कोणालाच सुचला नव्हता. थोरला आठवून म्हणाला, रात्री बांधलेली असताना भरते. दिवसभर फेऱ्या मारल्या तरी फारसे चढत नाही.

"मग ग्लँड कसा? दांडा फिरताना तो जास्त गळेल. होडी पळते तेव्हा नाक वर उचलते. पाणी नाकातून येत असलं पाहिजे."

"पण आबा, साचतं तर मागं!"

"इंजिन मागं आहे, वजन मागं आहे. उताराला जाणार नाही तर कुठं जाईल?"

होडी काठावर ओढायचे ठरले. पाण्यातच एका कुशीवर कलवून पाहू, असे धाकट्याने सुचवले, तेव्हा मीच आडवा आलो. रॉयल जॉर्ज ही इंग्रजांची शंभर तोफांची युद्धनौका पाण्याखालच्या एका नळीच्या दुरुस्तीसाठी १७८२ च्या ऑगस्टमध्ये अशीच बंदरात कलती केली होती. खालच्या तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरले आणि घटकेत आठशेंहून अधिक माणसे बुडाली. त्यांत भेटीला आलेल्या बायकामुलांचाही समावेश होता. कोरडी गोदी बांधण्याचा खर्च राज्यकर्ते का सोसतात ते अशा वेळी कळते. आपल्या मुंबईत सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या देखरेखीखाली १७५० साली अशी गोदी झाली होती.

आमची कोरडी गोदी म्हणजे जुने टायर आणि वाळूची पोती. होडी त्यांवर नीट टेकवली, बाहेरून फडक्याने टिपून कोरडी ठणठणीत केली. आणि मग आबांनी जे सांगितले ते ऐकून धाकटा त्यांच्याकडे पाहातच राहिला.

"आता हिच्यात पाणी भरा."

इंजिनाचा बॉयलर तपासायचा तो असाच, आबा सांगू लागले. थंड पाणी भरून दाब द्यायचा आणि बाहेरून कंदील घेऊन एकेक रिव्हेट, एकेक नळी पाहायची. जिथे घाम फुटेल तिथे खडूची खूण. होडीला दाब नको, हातभर पाणी पुरे. मात्र घनमीटरभर पाण्याचे वजन हजार किलो होते, म्हणून खाली टेकू चांगले हवेत आणि पाणी हळूहळू चढवायला हवे. रुपयाएवढे भोक फूटभर खोल असेल तर तासाला अडीच हजार लिटरांच्या आसपास पाणी येईल, असा मी पेन्सिलीने हिशेब केला होता. आमच्या चार बादल्यांना रात्रभरात मिनिटाला अर्धा पेला पुरत होता. तेवढ्याशा भोकाला आतून शोधणे म्हणजे कठीणच.

आम्ही पाचजण पोटावर पडून पाहू लागलो. ग्लँड कोरडा. बुडाची डागडुजी केलेली जागा, जिच्यावर माझा संशय होता, तीही कोरडी. दहा मिनिटांनी आईच म्हणाली, "हे बघा, इथं ओल आलीय."

होडीच्या नाकाखाली, काठाला लागताना खडक घासू नये म्हणून लोखंडी पट्टी मारलेली होती. तिच्या तिसऱ्या बोल्टाशी एक थेंब फुगला, लोंबला आणि पडला. लगेच दुसरा.

बोल्ट काढला तो मधोमध गंजून बोरूसारखा बारीक झालेला. या बोल्टांनी मोठमोठ्या आरमारांना छळले आहे. लाकूड पोखरणाऱ्या समुद्रकिड्यापासून जपण्यासाठी इंग्रजांनी १७६१ साली अलार्म या नौकेचे बूड तांब्याने मढवले. परत आल्यावर पाहतात तो तांबे छान, पण त्याखालचे लोखंडी खिळे खलास! तांब्याचा पत्रा ज्या जाड कागदात गुंडाळून आला होता, तो जिथे चुकून राहिला होता तिथले खिळे तेवढे शाबूत होते. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना लागले की एक दुसऱ्याला खातो, हे त्या कागदाच्या कपट्यांनी शिकवले. तरी पुढची वीस-बावीस वर्षे जहाजे आपले बोल्ट गमावीतच होती. ओकच्या लाकडातले आम्लही लोखंडाला खाते. आपला साग तेलकट. त्यात लोखंड टिकते. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईत १८१७ साली पाण्यात सोडलेली ट्रिंकोमाली ही सागवानी नौका इंग्लंडात हार्टलपूल इथे आजही तरंगते आहे, ती काही उगीच नव्हे.

आमच्या होडीला ना साग ना तांबे. भोक दोन दिवस उन्हात वाळवले, लांबी भरली, रबरी वायसर घालून न गंजणारा बोल्ट मारला, आणि लगोलग पट्टीचे उरलेले सातही बदलले. त्यांतले दोन हातात मोडले.

शेवटी आबांनी ग्लँड सैल केला. थोरला कुरकुरला, कारण पुन्हा थेंब पडू लागला. "पडू दे," आबा म्हणाले. "दांडा फिरताना दोरीला ओलावा पाहिजे. मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजून ठेव. वाढले तर मला सांग."

दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटा काठी घेऊन गेला. फळी उचलून, बुडाला टेकवून त्याने मोजले. काठीचे टोकच तेवढे भिजले होते. तरीही आई पहिल्या फेरीला होडीत बसली ती मांडीवर बादली घेऊनच.