अनंशांचा दायाधिकार

दायविभागाच्या प्रकरणांत धर्मशास्त्रकारांनीं 'अनंश' म्हणून एक वर्ग सांगितला आहे. वडिलार्जित धनाचा अंश ज्यास मिळत नाहीं तो अनंश. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत क्लीब व पतित यांच्या जोडीस जन्मांध, बधिर, उन्मत्त, जड व मूक यांची गणना या वर्गांत केली आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत पंगु व असाध्य रोगानें पीडित यांचीही नांवें येतात. पतित हा स्वतःच्या आचरणानें अंशास मुकतो; जन्मांधानें कोणतें आचरण केलें, या प्रश्नाचें उत्तर मात्र या वचनांत मिळत नाहीं.

तथापि या वचनांचा उत्तरार्धही पाहिला पाहिजे. अनंशास यावज्जीव अन्नवस्त्र द्यावें, न देणारा स्वतःच पतित होतो, असें मनु बजावतो. अनंशाचा पुत्र निर्दोष असल्यास तो अंशास पात्र होतो; कन्येचें विवाहापर्यंत व सदाचारी निपुत्रिक पत्नीचें पोषण करावें, असें याज्ञवल्क्याचें वचन आहे. कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यांत मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें हा निषेध आणखी आंखडता घेतला. दोष विभागापूर्वीं असेल तरच निषेध लागू. विभागानंतर उद्भवल्यास मिळालेला अंश परत घेतां येत नाहीं. आणि औषधानें दोष नाहींसा झाल्यास विभागानंतर जन्मलेल्या पुत्राप्रमाणें त्यासही अंश द्यावा, असा त्याचा निर्णय आहे.

कौटिलीय अर्थशास्त्र १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं छापून प्रसिद्ध केल्यावर दुसरें एक प्रमाण अभ्यासकांपुढें आलें. वाक्पारुष्याच्या प्रकरणांत काण्यास काणा, लंगड्यास लंगडा असें म्हणून हिणविणाऱ्यास, तें बोलणें खरें असलें तरी, तीन पण दंड आहे. खोटें असल्यास सहा पण. आणि काण्याच्या डोळ्यांची उपरोधानें स्तुति केल्यास बारा पण. खऱ्यापेक्षां खोट्यास व खोट्यापेक्षां उपहासास अधिक दंड, हा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. परंतु हाच ग्रंथकार दायविभागांत अंध, जड, उन्मत्त व कुष्ठी यांस अंश नाकारतो. सारांश, व्यंग असलेल्याच्या मानाचें व पोटाचें रक्षण शास्त्रानें केलें; स्वामित्व मात्र दिलें नाहीं. अन्नवस्त्र भावाच्या हातून घ्यावयाचें असतें. अंश स्वतःच्या हातीं असतो. हा भेद लहान नव्हे.

इंग्रजी अमदानींत १८५० च्या २१ व्या कायद्यानें धर्मांतर किंवा जातिबहिष्कार झाल्यामुळें वारसा जाणें बंद झालें. म्हणजे पतितास अंश मिळूं लागला, पण निरपराध अंध तसाच राहिला! त्यास पुढें ७८ वर्षें थांबावें लागलें. १९२८ च्या १२ व्या कायद्यानें रोग, व्यंग किंवा शारीरिक-मानसिक दोष एवढ्याच कारणावरून वारसा किंवा एकत्र कुटुंबांतील हिस्सा नाकारण्याची बंदी केली. मात्र जन्मतः वेडे व जड यांस वगळलें, आणि बंगालच्या दायभाग संप्रदायास हा कायदा लागू केला नाहीं. हिंदु उत्तराधिकार अधिनियम, १९५६ याच्या २८ व्या कलमानें रोग, दोष व व्यंग यांवरून येणारी अपात्रता उत्तराधिकारांतून काढून टाकली, व तींत संप्रदायभेदही ठेविला नाहीं. १९९५ च्या अधिनियमानंतर आलेल्या दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ यानें भेदभावाचा निषेध केला, सात प्रकारांच्या जागीं एकवीस प्रकार मानले, आणि १३ व्या कलमांत मालमत्ता धारण करण्याचा व वारशानें मिळविण्याचा समान हक्क स्पष्ट नोंदविला.

कायद्याची ही परंपरा ग्रंथांतून दिसते. घरांतील वर्तन कागदांतून दिसेल. म्हणून दप्तरांच्या संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, जुनीं वाटणीपत्रें व निवाडे हातीं येतील तेव्हां केवळ वाटेकऱ्यांची नांवें उतरून थांबूं नये. शेवटच्या ओळींत कोणा अंध वा मुक्या भावाच्या अन्नवस्त्राची तजवीज लिहिली असल्यास तीही जशीच्या तशी उतरावी. वाटेकऱ्यांच्या यादींत ज्यास स्थान नव्हतें, त्याचा इतिहास तेवढ्याच ओळींत उरलेला असतो.