वाळवंटातील मोटार आणि तपमानाची पारख

मोटारीच्या इतिहासात इंजिनाच्या शक्तीची व वेगाची जितकी चर्चा झाली, तितकी ते निववणाऱ्या पाण्याची झाली नाही. वास्तविक निर्जल प्रदेशातील प्रवास बव्हंशी त्या पाण्यावरच अवलंबून असे. रेडिएटरमधील पाणी वाफ होऊन गेले, की त्याची भरपाई पिण्याच्या साठ्यातून करावी लागे. म्हणून पाणी किती तापले आहे हे वेळीच कळणे, हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न होता.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत ‘बॉइस मोटोमीटर’ हा उष्णतामापक प्रचारात आला. तो रेडिएटरच्या झाकणावर बसविलेला असे व चालकास आसनावरून दिसे. त्याची रचना अत्यंत साधी होती. परंतु तो पाण्याचे नव्हे, तर पाण्यावरील वाफेचे तपमान दाखवी. पाण्याची पातळी फार खाली गेल्यास त्यावर विसंबणे धोक्याचे ठरे.

ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅगनॉल्ड (१८९६–१९९०) याने ईजिप्तच्या पश्चिमेकडील लिबियन वाळवंटात १९२९ व १९३० साली फोर्ड ‘ए’ मोटारींतून मोहिमा केल्या. भुसभुशीत वाळूत इंजिनावर ताण अधिक व वेग कमी. त्यातच वारा पाठीमागून आला, तर रेडिएटरला हवा जवळजवळ मिळत नसे. यावर योजलेला उपाय अल्पमोली होता. वाफ बाहेर जाण्याची वाट बंद करून ती नळीने, बाजूस बांधलेल्या, अर्धवट पाणी भरलेल्या डब्यात सोडली जाई. तेथे ती निवून तिचे पुन्हा पाणी होई. डब्यातील पाणीही उकळून उसळू लागले, की चालक गाडी वाऱ्याच्या दिशेस तोंड करून थांबवी. रेडिएटर निवताच आतील वाफेचा दाब उतरे आणि बाहेरील हवेच्या दाबामुळे डब्यातील पाणी गुडगुड आवाज करीत आपोआप परत जाई. १९४० साली स्थापन झालेल्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’च्या ट्रकांवरही हीच योजना होती.

या योजनेचे मोल सामान्यतः पाण्याच्या बचतीत मानले जाते. ते यथार्थ असले तरी अपुरे होय. तो डबा तपमानदर्शकही होता. अंश सांगणे त्याच्या शक्तीबाहेरचे होते. पण केव्हा थांबावे हे त्याचे उकळणे सांगे, आणि पुन्हा केव्हा निघावे हे ती गुडगुड सांगे. पूर्वसूचना न देणे हा त्याचा दोष खरा. तथापि मोटोमीटरला जे नुकसान केवळ सूचित करता येई, ते हा डबा टाळीत असे.

आजच्या मोटारीतील जादा पाण्याची बाटली त्याच तत्त्वावर चालते. रानावनांत हिंडणाऱ्या गाडीला स्वस्त विद्युत् तपमापक जोडणाऱ्यापुढे मात्र जुनाच प्रश्न उभा राहतो: पाणी गळून गेल्यास संवेदक केवळ भोवतालच्या वाफेचे वा हवेचे तपमान दाखवितो. म्हणून तपमानाबरोबर पाण्याच्या पातळीचीही सूचना मिळणे आवश्यक ठरते. उपकरणाचे मूल्य त्याच्या अचूकतेइतकेच, ते नेमके कशाचे मापन करते यावर अवलंबून असते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.