ओसाड वास्तू आणि प्रसिद्धी

वापराबाहेर गेलेले कारखाने, रुग्णालये, भुयारे यांत शिरून ती न्याहाळण्याच्या छंदास 'अर्बन एक्स्प्लोरेशन' म्हणतात. टोरांटोच्या जेफ चॅपमन यांनी 'निन्जॅलिशस' या टोपणनावाने १९९६ मध्ये 'इन्फिल्ट्रेशन' हे छोटेखानी नियतकालिक सुरू केले. या छंदाचे नाव रूढ होण्यात त्याचा वाटा मोठा आहे. काही मोडू नये, काही उचलू नये, हा या मंडळींचा दंडक. जागेचा ठावठिकाणा उघड न करण्याचा संकेतही बरेच जण पाळतात.

इंटरनेटमुळे नेमका हाच संकेत पाळणे अवघड झाले. छायाचित्राखाली नाव नसले, तरी एखादी कमान वा धुराडे उपग्रहचित्राशी ताडून जागा हुडकता येते. मागोमाग तांब्याच्या तारा ओरबाडणारे आणि भिंती रंगवणारे पोहोचतात. मग मालक दारे-खिडक्या बुजवतो, पहारा बसवतो. जुन्या शोधकांचीही वाट बंद होते.

प्रसिद्धी नेहमीच घातक ठरते, असे मात्र नव्हे. अमेरिकेतील डेट्रॉइटचे मिशिगन सेंट्रल रेल्वेस्थानक १९८८ मध्ये बंद पडले आणि लुटले गेले. त्याच्या भग्न दालनांची छायाचित्रे जगभर पोहोचली. शहराच्या दुर्दशेचे हे भांडवल आहे, अशी टीका झाली. ती अनाठायीही नव्हती. पण स्थानक विस्मृतीत गेले नाही. २००९ मध्ये नगर परिषदेने ते पाडण्याचा ठराव केला, तरी ते टिकले. २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने ते विकत घेतले, तेव्हा तेथून पूर्वी चोरीस गेलेले एक घड्याळ अनामिकाने परत आणून ठेवले. जीर्णोद्धारानंतर २०२४ मध्ये स्थानकाची वास्तू लोकांसाठी खुली झाली.