मामा तलावांतील मासे

समुद्राच्या तळाशी दगड किंवा काँक्रीटचे ठोकळे सोडले, की त्यांवर शेवाळ धरते, शेवाळापाठी कालवे नि किडे येतात आणि त्यांच्यामागून मासे. चांदा-गडचिरोलीच्या वनप्रदेशाला समुद्र ठाऊक नाही. तरी माणसाने रचावे आणि माशांनी तेथे संसार थाटावा, हा प्रकार इकडेही काही शतके चालू आहे. दगडांच्या जागी येथे तलावाची मातीची पाळ आहे, एवढेच.

गोंड राजांच्या अमदानीत जो तलाव बांधील त्याला भिजणारी जमीन बहाल होई, असे परंपरा सांगते. कोहळी लोकांनी या कामात नाव कमावले. पाळ घातली ती धानासाठी. मासे आले ते अनाहूत पाहुणे म्हणून, पावसाळ्यात नाल्यातून सांडव्याकडे चढत चढत. तलावात देवधान, कमळ व पाण्याखालचे शेवाळ असे. त्यांच्या देठांवरच्या बुळबुळीत थरावर किडे, गोगलगायी नि झिंगे पोसत, त्यांवर बारीक मासळी, तिच्यावर मरळ. गोगलगायींत मुग्धबलाकाचाही वाटा असे, आणि सर्वांवर ढिवराचे जाळे. उन्हाळ्यात पाणी आटले तरी मरळ, मागूर, शिंगी हे मासे वरची हवा घेऊन चिखलात तग धरीत.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’चे लोकांनी ‘मामा’ केले. मामा गेला, घर राहिले. पण गाळ कोणी काढावा, हा प्रश्न उरलाच. पुढे १९५७ साली अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी माशांना पीयूषग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालावयास लावले. हा शोध थोर, यात आम्हांस शंका नाही. त्यामुळे रोहू, कटला, मृगळ यांचे बीज हवे तेवढे मिळू लागले. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. हिशेब चोख होता. मात्र त्या हिशेबात मरळ पिलांचा वैरी ठरला आणि पाणवनस्पती नुसता अडथळा. काठाने बेशरम माजली ती निराळीच.

आता यातील व्यवहार पाहा. रोहूसारखे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, म्हणून त्यांचे बीज पुन्हापुन्हा विकत आणावे लागते. मरळ आपली पिले आपणच राखतो आणि त्याबद्दल ढिवरांच्या सोसायटीकडे एक पैसा मागत नाही! हे फुकटचे धन आम्ही वैरी म्हणून हुसकले.

शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगावकडे ढिवर स्त्रीपुरुषांनी अलीकडच्या काळात काही तलावांतील बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरडा तळ नांगरला आणि पावसाच्या पाण्यात स्थानिक वनस्पतींची रोपे हातांनी लावली, धानाची रोवणी करावी तशी.