६५ मिलिमीटर आणि ६५ टक्के : नगर जिल्ह्यात पाणी मोजण्याचा इतिहास

#धागा

१/ अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीच्या डोंगरात, वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यातील कर्जत, पाथर्डी, जामखेड या तालुक्यांना पाच-सहाशे मिलिमीटरवर वर्ष काढावे लागते. अशा मुलखात पाणी ‘किती’ हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा कधीच नव्हता.

२/ मोजण्याची परंपरा जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारापाशी अरत्नीभर तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजण्यास सांगितले आहे. प्रदेशागणिक पावसाचे आकडेही तेथे दिले आहेत. गोदाकाठच्या अश्मक देशाचा आकडा माळव्यातील अवंतीपेक्षा बराच कमी आहे. त्या ग्रंथात ही मापे शेतीच्या प्रकरणात येतात, कारण कोणते बी केव्हा पेरावे हे पावसावरून ठरे.

३/ भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. पुढच्याच वर्षी दख्खनमध्ये महादुष्काळ सुरू झाला आणि तो १८७८ पर्यंत चालला. पावसाची नियमित नोंद ही राज्यकारभाराची गरज आहे, हे त्या दुष्काळाने अधोरेखित केले. तालुक्याच्या कचेरीतील पर्जन्यमापक आणि शेजारची नोंदवही ही त्याच काळाची देणगी. रोज सकाळी ठरल्या वेळी मोजपात्रात पाणी ओतायचे आणि आकडा लिहायचा. आजही हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो.

४/ या पद्धतीत एक उणीव होती. चोवीस तासांत ६० मिलिमीटर पाऊस झाला, एवढेच वही सांगे. तो दिवसभर रिमझिम पडून मुरला, की तासाभरात कोसळून माती घेऊन गेला, हे तिला ठाऊक नसे. ओढ्याला पूर येणे न येणे मात्र नेमके त्यावरच अवलंबून असते.

५/ ही उणीव घड्याळाच्या यंत्राने काही अंशी भरून काढली. स्वयंनोंदणी पर्जन्यमापकात कागद गुंडाळलेला नळकांड्यासारखा ढोल सावकाश फिरतो आणि तरंगत्या डब्याला जोडलेली लेखणी त्यावर रेषा काढते. रेषा जितकी उभी, तितका पाऊस जोराचा. पण चावी देणे, कागद बदलणे, शाई भरणे ही कामे माणसाचीच राहिली. भर पावसात डोंगरात रोज जाणार कोण?

६/ दरम्यान जिल्ह्यात पाणी अडवले जाऊ लागले. प्रवरेवरील भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. साठवण सुमारे ११ टीएमसी. धरण आले की पाण्याचा हिशेब पावसापुरता उरत नाही. जलाशयाची पातळी, कालव्यातून सोडलेले पाणी, सांडव्यावरून गेलेले पाणी, असे अनेक रकाने वहीत वाढतात.

७/ पुढचा टप्पा जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या जलविज्ञान प्रकल्पाचा. पहिला टप्पा १९९५ ते २००३, दुसरा २००६ ते २०१४. महाराष्ट्र दोन्ही टप्प्यांत होता. पहिल्यात निरीक्षण विहिरींत भूजल पातळी आपोआप नोंदवणारी अंकीय यंत्रे उतरली. दुसऱ्यात कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी पावसाची व पातळीची माहिती तत्काळ पाठवणारी यंत्रणा उभी राहिली. नगरचा दक्षिण भाग घोड आणि सीना नद्यांमुळे भीमा खोऱ्यातच मोडतो.

८/ या यंत्रणेचा मेंदू म्हणजे डेटा लॉगर. पर्जन्यमापकात दोन कप्प्यांची छोटी तराजूवजा बादली असते. एक कप्पा भरला की ती कलंडते, दुसरा कप्पा पुढे येतो. प्रत्येक कलंडण्यासोबत चुंबक एक कळ दाबतो आणि लॉगर तो ठोका वेळेसह नोंदवतो. कलंडणाऱ्या बादलीची कल्पना सतराव्या शतकातील. तिचे श्रेय इंग्लंडच्या क्रिस्टोफर रेनला दिले जाते. नवी आहे ती ठोके मोजून दूरवर पोहोचवणारी पेटी.

९/ ही पेटी बसवण्याचेही शास्त्र आहे. झाड वा भिंत तिच्या उंचीच्या दुपटीहून जवळ नको. पर्जन्यमापकाचे तोंड पाणसळीत हवे. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेशी जुळवलेले हवे. मग परीक्षा : तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटीमीटर आणि एक ठोका अर्ध्या मिलिमीटरचा असेल, तर १०० मिलिलिटर पाणी सावकाश ओतल्यावर बरोबर १० ठोके पडले पाहिजेत. नऊ पडले, तर दोष शोधल्याशिवाय जागा सोडायची नाही.

१०/ पातळीमापकाची कसोटी निराळी. पाण्यात बुडवलेला संवेदक वरच्या पाण्याचा दाब मोजतो आणि दाबावरून खोली ठरते. पण ही खोली कोणत्या शून्यापासून? म्हणून संवेदकाची जागा समुद्रसपाटीशी जोडलेल्या खुणेला बांधावी लागते आणि आकडा शेजारच्या पट्टीवर डोळ्यांनी ताडून पाहावा लागतो. सौरपट्टी, बॅटरी आणि मोबाइलचे किंवा उपग्रहाचे जाळे नंतर येते. जाळे तुटले तरी नोंद पेटीत टिकली पाहिजे, हा त्यातला पहिला नियम.

११/ २०१७ मध्ये राज्याने ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. संख्या दोन हजारांहून अधिक. येथे पहिला ६५ येतो. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर अतिवृष्टी. मदतीची वाट या आकड्यावरून जाते. मंडळात गावे अनेक, केंद्र बहुधा एकच. केंद्रावर ६० आणि पाच किलोमीटरवरच्या शिवारात ९० मिलिमीटर पडला, तर वाहून गेलेले पीक खरे असूनही आकडा विरुद्ध साक्ष देतो.

१२/ दुसरा ६५ गोदावरीवरचा. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये राष्ट्रार्पण झाले. वर नगर-नाशिकची धरणे, खाली मराठवाडा. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला, खरिपाचा वापर धरून, जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. २०२३ मध्ये सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. नगरमध्ये विरोध झाला, मराठवाड्याने तो हक्क मानला.

१३/ जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे २१७ कोटी घनमीटर. त्याचा एक टक्का म्हणजे २१७० कोटी लिटर. भरलेल्या जलाशयाचे पृष्ठफळ सुमारे ३५० चौरस किलोमीटर असल्याने पातळी वाचताना एक सेंटीमीटर चुकला, तर हिशेबात ३५० कोटी लिटरचा फरक पडतो. ६५ च्या उंबरठ्यावर एका बोटाच्या रुंदीलाही किंमत असते.

१४/ शिवाय संवेदक साठा मोजतच नाही, तो फक्त पातळी मोजतो. पातळीवरून साठा काढण्याचे कोष्टक वेगळे असते. गाळ साचत जातो तसे कोष्टक जुने होते. संवेदक अचूक, जाळे अखंड, तरीही साठा चुकीचा, असे घडू शकते. म्हणून ठरावीक काळाने गाळाचे सर्वेक्षण करून कोष्टक सुधारणे यंत्राइतकेच महत्त्वाचे ठरते.

१५/ याच जिल्ह्यात एक वेगळी वाटही आहे. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हिवरे बाजारने पावसाची मोजदाद आणि विहिरींची पातळी यांवरून गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. ताळेबंद ग्रामसभेत वाचला जातो. पाऊस कमी, तर जास्त पाणी पिणारी पिके नाहीत. तेथे आकडा साध्या यंत्राचा असतो, पण तो कसा निघाला हे मान्य करणाऱ्यांना माहीत असते.

१६/ कुंड, नोंदवही, शाईची रेषा, लॉगर. माप बारीक होत गेले, नोंद जलद होत गेली. पण आकडा जितक्या दूरवरून येऊ लागला, तितका तो ज्यांच्यावर लागू होतो त्यांच्या नजरेआड गेला. पूर्वी कचेरीत जाऊन मोजपात्र पाहता येई. आता खांबावरच्या पेटीचे झाकण बंद असते. ती आतून काय नोंदवते, केव्हा तपासली गेली आणि तिचे शून्य कोठे आहे, हे विचारणे हा पाण्याच्या हक्काचाच भाग आहे.

(धागा समाप्त)