काळजाचा पाट

‘काळजाचे पाणी झाले’ असे आपण म्हणतो, तेव्हा मनातले काळीज छातीत धडधडणारे असते. मटणाच्या दुकानात मात्र काळीज म्हणजे यकृत. रक्त वाहून नेणाऱ्या स्रोतसांचे मूळ सुश्रुताने यकृत व प्लीहा येथेच सांगितले आहे. आजचे मोजमापही त्या मानास साजेसे आहे. यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. हृदयाने फेकलेल्या रक्ताचा जवळजवळ चौथा हिस्सा! त्यातले तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या नीलेतून येते, उरलेले रोहिणीतून. अशा अवयवावर शस्त्र चालवावयाचे, तर आधी पाट बंद करणे आले.

पाट बंद करणे म्हणजे काय, हे खानदेशी माणसास सांगावयास नको. चोपड्याच्या दक्षिणेने वाहणारी तापी पुढे पश्चिमेस पांझरेला पोटात घेते. त्या पांझरेच्या काठी फडपद्धत नांदली. बंधाऱ्याचे पाणी पाटकरी पाळीपाळीने फडांना देई. एका फडाचे पाणी तोडल्यावाचून दुसऱ्यास मिळत नसे. पण ते फार काळ तोडले, तर पीक करपे. शस्त्रवैद्यांनाही नेमका हाच हिशेब शिकावा लागला.

१९०८ साली ग्लासगोचे शस्त्रवैद्य जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी अपघातात फाटलेल्या यकृतांची हकीकत प्रसिद्ध केली. यकृताच्या दारातील रक्तवाहिन्या बोटांच्या चिमटीत धरल्या की रक्तस्राव थांबतो व जखम दिसू लागते, असे त्यांनी लिहिले. ज्यांच्यावर त्यांनी शस्त्रक्रिया केली, त्यांपैकी अखेर कोणीही वाचले नाही. तरी प्रिंगल यांनी युक्ती टाकून दिली नाही. सशांवर ती करून पाहिली आणि ससे जगले. जगभर ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आता प्रश्न उरला वेळेचा. पंधरा-वीस मिनिटांपलीकडे यकृत रक्तावाचून तग धरणार नाही, अशी धास्ती पुष्कळ वर्षे होती. पुढच्या अनुभवाने निरोगी यकृत तासभरही सोसते असे दिसले. पण यात एक मेख आहे. रक्त तुटले की पेशींची शक्तीची शिल्लक संपत जाते, हा पहिला घाव. रक्त परतले की प्राणवायूपासून दाहक द्रव्ये निपजतात आणि सूज चढते, हा दुसरा. भेगाळलेल्या शेतावर पहिला वळीव कोसळावा आणि माती वाहून जावी, तशातला हा प्रकार! पेशी फुटून त्यांतील एन्झाइम रक्तात उतरतात. त्यांवरून नुकसानीचा अंदाज येतो.

जपानात माकुउची व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली अर्ध्याच यकृताचे रक्त थांबविण्याचा अनुभव मांडला. एक फड कोरडा, दुसरा वाहता. १९९९ साली फ्रान्समध्ये बेल्घिती व सहकाऱ्यांनी ८६ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. काहींचे रक्त सलग बंद ठेवले; इतरांचे पंधरा मिनिटे बंद, पाच मिनिटे चालू, असे आळीपाळीने. आळीपाळीत कापताना रक्त अधिक गेले, पण यकृताची हानी कमी झाली. ज्यांचे यकृत मुळातच दुखणाईत होते, अशा चौघांची प्रकृती शस्त्रक्रियेनंतर फार ढासळली व दोघे दगावले. हे चौघेही सलग बंद ठेवलेल्या गटातले होते.

म्हणूनच चरबी साठलेल्या वा कठीण झालेल्या यकृताशी शस्त्रवैद्य आज अधिक सांभाळून वागतो. जेथे जमेल तेथे पाट बंद न करताच काम उरकतो. प्रिंगल यांच्या बोटांनी रक्त थांबविण्याचा मार्ग दाखविला. ते केव्हा सोडावयाचे, हे शिकावयास पुढची ऐंशी-नव्वद वर्षे लागली. या दोन्ही गोष्टींचा धडा आपल्याला मिळाला तो न वाचलेल्या रोग्यांकडून, हे विसरून चालणार नाही.