वारणाकाठची ‘वायर्ड’ गावं

ऑर्कुट आणि फेसबुक सुरू झालं 2004 साली. त्याआधी सहा वर्षं, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवर वारणा नदीच्या दोन्ही काठांवरची गावं एका सर्व्हरला जोडण्याचं काम हाती घेतलं गेलं होतं. त्या वेळी देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागून जेमतेम तीन वर्षं झाली होती. विदेश संचार निगमानं 15 ऑगस्ट 1995 रोजी ही सेवा सुरू केली ती मोठ्या शहरांपुरतीच. अशा काळात पन्हाळा तालुक्यातलं वारणानगर हे ‘वायर्ड व्हिलेज’ या सरकारी प्रकल्पाचं केंद्र झालं, आणि ग्रामीण भारतात माहिती तंत्रज्ञान नेण्याची चर्चा देशात जिथं जिथं होई, तिथं वारणेचं नाव निघू लागलं.

हा मान वारणेला मिळाला, त्याची मुळं चाळीस वर्षं मागं जातात. तात्यासाहेब कोरे यांनी 1950 च्या दशकात इथल्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा करायचं मनावर घेतलं. कारखान्यामागोमाग 1968 साली दूध संघ आला, मग ग्राहक भांडार, बँक, शाळा-महाविद्यालयं, 1983 साली अभियांत्रिकी महाविद्यालय आणि मुलांचा तो प्रसिद्ध वाद्यवृंदही. एका घरातला माणूस कारखान्याचा सभासद, त्याचीच बायको सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालणार, पोरगं वारणेच्याच शाळेत, पैसे वारणेच्याच बँकेत. गावागावातली माणसं अशी हिशेबानं एकमेकांना बांधलेली होती. संगणकाचं जाळं आलं ते या जुन्या जाळ्यावर.

ऊसवाल्याला माहिती किती लागते, हे बागायती भागाबाहेरच्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. लागण झाली की पहिलं काम नोंदीचं. कुठल्या गटात, किती गुंठ्यांत, कोणती जात, आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, आणि लागणीची तारीख. ही तारीख सगळ्यात मोलाची, कारण तोडीचा क्रम तिच्यावर ठरतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. त्याची पाळी चुकली तर वजन घटतं, तुरे येतात आणि पुढच्या पिकाचं वेळापत्रकही कोलमडतं. हंगाम सुरू झाला की शेतकऱ्याचं सगळं लक्ष चिटबॉयकडं, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडं. आपली तोड कधी, टोळी कुठली, ट्रॅक्टर की बैलगाडी? ऊस गेला की काट्यावर वजन किती भरलं, पावतीवर टन बरोबर पडले का? त्यापुढं बिल. पहिली उचल, पुढचे हप्ते, त्यातून खताची आणि सोसायटीच्या कर्जाची वजावट, शिवाय सभासदाला मिळणारी सवलतीची साखर.

यातल्या प्रत्येक प्रश्नासाठी शेतकऱ्याला गट ऑफिस किंवा थेट कारखाना गाठावा लागे. शिराळ्याकडच्या गावातून वारणानगरला यायचं तर एसटी बघून निघायचं, खिडकीपाशी उभं राहायचं, साहेब जाग्यावर नसले तर परत दुसऱ्या दिवशी. कामाचा एक अख्खा दिवस एका आकड्यासाठी जाई. प्रकल्पाचा सर्वांत मोठा उपयोग नेमका इथं झाला.

1998 च्या मे महिन्यात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारनं माहिती तंत्रज्ञान आणि सॉफ्टवेअर विकासासाठी राष्ट्रीय कार्यगट नेमला. जसवंत सिंह त्याचे अध्यक्ष होते. जुलैमध्ये आलेल्या पहिल्या अहवालात 108 शिफारशी होत्या. तंत्रज्ञान बंगळूर-हैदराबादच्या कचेऱ्यांत अडकून न राहता खेड्यात उतरलं पाहिजे, या विचारातून वारणेचा पथदर्शी प्रकल्प पुढं आला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, महाराष्ट्र सरकार आणि वारणा समूह असे तिघं त्यात भागीदार झाले. खर्च सुमारे अडीच कोटी रुपये. त्यातला निम्मा वाटा केंद्राचा, 40 टक्के राज्याचा आणि 10 टक्के वारणेच्या संस्थांचा. सुमारे 70 गावं त्यात घेतली गेली.

कागदावरची उद्दिष्टं फार मोठी होती. शेतकऱ्याला गावातच, मराठीत, पिकांची आणि रोगांची माहिती मिळावी. बाजारभाव कळावेत. जमिनीच्या नोंदी, सरकारी योजना, नोकरीच्या जाहिराती, आरोग्याचा सल्ला, मुलांसाठी शैक्षणिक माहिती, सगळं एका केंद्रात. गावातला माणूस त्या केंद्रातून जगाशी जोडला जाईल, अशी कल्पना होती.

प्रत्यक्षात 54 केंद्रं उभी राहिली. केंद्र म्हणजे एक खोली, एक संगणक, एक प्रिंटर, एक टेलिफोन जोडणी आणि तो चालवणारा गावातलाच एक शिकलेला तरुण. मध्यवर्ती सर्व्हर वारणानगरला, आणि त्यावर सभासदांची सगळी नोंद. गावातल्या संगणकात त्या गावापुरती माहिती असे. ऑपरेटर मोडेमवरून फोन लावी, जोडणी मिळाली की नवी नोंद इकडून तिकडं जाई आणि काट्यावरची ताजी वजनं तिकडून इकडं येत. शेतकऱ्यानं आपला सभासद क्रमांक सांगायचा, ऑपरेटरनं छापील कागद हातात द्यायचा.

हा कागद म्हणजे मोठीच गोष्ट होती. आपल्या उसाचं वजन, आपल्या खात्यावरची उचल, आपल्या नावावर पडलेलं खत हे सगळं शेतकऱ्याला आपल्याच गावात, कुणाची विनवणी न करता बघायला मिळालं. माहिती मागायला गेलेला माणूस आणि माहिती देणारा कारकून यांच्यामधलं अंतर त्यानं कमी केलं. सहकारात सभासद मालक असतो असं भाषणांतून नेहमी सांगितलं जातं. मालकाला स्वतःचं खातं मागितल्याबरोबर दिसणं, ही त्या मालकीची पहिली खूण आहे, आणि वारणेच्या 54 खोल्यांनी ती दिली.

मग बाकीच्या स्वप्नांचं काय झालं? केंद्रांवरून इंटरनेट, सल्ला, शिक्षण या गोष्टी रुजल्या नाहीत. मायक्रोसॉफ्ट रिसर्चची भारतातली प्रयोगशाळा 2005 साली बंगळूरला सुरू झाली, आणि तिथल्या संशोधकांनी वारणेच्या केंद्रांचा वापर बारकाईनं तपासला. संगणकावर प्रत्यक्षात काय चालतं, हे नोंदवणारं एक छोटं सॉफ्टवेअरही त्यांनी वापरलं. संगणक जवळपास सगळा वेळ उसाच्या हिशेबासाठीच वापरले जात होते, असं दिसून आलं. शेतकऱ्यानं आपल्याला काय हवं ते वापरातून स्पष्ट सांगितलं होतं.

अडचणी वेगळ्या होत्या. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ते दिवस तासन्तास भारनियमनाचे होते. टेलिफोनची तार पावसाळ्यात भरवशाची नसे. संगणक जुने होत चालले, सुटे भाग आणि दुरुस्ती महाग पडू लागली. मोठा खर्च एकदाच मिळाला होता. पुढची वर्षानुवर्षांची देखभाल मात्र संस्थेनं आपल्या खिशातून करायची होती. पथदर्शी म्हणवणाऱ्या बहुतेक सरकारी प्रकल्पांचं दुखणं इथंच असतं: यंत्र बसवायला निधी असतो, ते दहा वर्षं चालतं ठेवायला नसतो.

दरम्यान शेतकऱ्याच्या खिशात मोबाइल आला. 2003 पासून येणाऱ्या कॉलचे पैसे लागेनासे झाले आणि हँडसेट स्वस्त झाले. हे पाहून राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा या संशोधकांनी ‘वारणा अनवायर्ड’ नावाचा प्रयोग मांडला. गावातला संगणक काढायचा आणि त्याच्या जागी मोबाइल ठेवायचा.

त्याची रचना साधी होती. वारणानगरच्या कार्यालयात एका संगणकाला केबलनं मोबाइल जोडलेला. त्या संगणकावर एसएमएस हाताळणारं सॉफ्टवेअर बसवलेलं. गावाकडून ठरलेल्या पद्धतीचा छोटा संदेश यायचा, त्यात सभासदाचा क्रमांक आणि काय हवं त्याची खूण. सॉफ्टवेअर तो संदेश वाची, कारखान्याच्या नोंदीत तो क्रमांक शोधी आणि वजन, खत किंवा बिलाचा आकडा एसएमएसनं परत पाठवी. साधा इंग्रजी अक्षरांतला एसएमएस 160 अक्षरांचा, पण ऊस उत्पादकाचा प्रश्न तेवढ्यात बसत होता. वीज गेली तरी गावातला फोन चालू राहायचा.

सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. संगणक करत होता ती सगळी कामं मोबाइलवर झाली. खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांना ही पद्धत जास्त आवडली. हे निष्कर्ष 2007 साली बंगळूरला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडले गेले. जगभरात विकासासाठी तंत्रज्ञान या विषयाचा अभ्यास करणारे आजही हा निबंध वाचतात, आणि त्याच्या शीर्षकातच वारणा आहे.

त्या काळात देशात इतरही प्रयोग झाले. स्वामिनाथन प्रतिष्ठाननं 1998 मध्येच पुदुच्चेरीच्या खेड्यांत माहिती केंद्रं सुरू केली. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात 2000 च्या जानेवारीत ‘ज्ञानदूत’ आला, त्याच वर्षी आयटीसी कंपनीची ‘ई-चौपाल’ निघाली. पुढं 2006 मध्ये केंद्रानं एक लाख सामायिक सेवा केंद्रांची योजना मंजूर केली. वारणेचं वेगळेपण असं की तिथं माहितीचा मालक आणि माहिती मागणारा शेतकरी एकाच संस्थेचे होते. बाहेरचा व्यापारी किंवा सरकारी खातं गावात यंत्र घेऊन आलं की लोकांनी ते का वापरावं, हे आधी पटवावं लागतं. इथं पटवायची गरज पडली नाही. नोंद, काटा आणि बिल ही तिन्ही गोष्टी आधीपासून घरोघरच्या बोलण्यात होत्या, सॉफ्टवेअरनं फक्त त्यांची वाट जवळची केली. सर्व्हर आणि प्रोग्राम कुठंही बसवता येतात, पण त्यात भरायला लोकांनी स्वतःची म्हणावी अशी माहिती लागते.

आज कोल्हापूर, सांगली भागातल्या कित्येक कारखान्यांचे सभासद वजनाचा आकडा मोबाइलवर बघतात. साखर आयुक्तालयानं 2022 साली ‘महा-ऊस नोंदणी’ हे अ‍ॅप आणलं, आता शेतकऱ्याला लागणीची नोंद घरबसल्या करता येते. गावागावांत तोडीची पाळी, टोळीची खबर आणि दराच्या आंदोलनाची हाक व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून फिरते. या सगळ्याची सुरुवात आपल्याच भागातल्या 54 खोल्यांत झाली, हे मात्र नव्या पिढीतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

या प्रयोगाचा अभ्यास बंगळूरच्या आणि परदेशातल्या संशोधकांनी इंग्रजीत लिहून ठेवला. केंद्रावर बसणाऱ्या तरुणांचे अनुभव, छापील पावत्या, गावनिहाय नोंदवह्या, ते सॉफ्टवेअर आणि ती यंत्रं यांचा इतिहास मराठीत लिहायचा राहिला आहे. ज्यांनी हे काम केलं ती माणसं आज पन्नाशीच्या आसपास आहेत, त्यांच्या आठवणी ताज्या आहेत. शिवाजी विद्यापीठानं, वारणेच्या संस्थांनी आणि कोल्हापूरच्या अभ्यासकांनी त्या आताच टिपून घ्याव्यात. आणि ज्याच्या घरी त्या केंद्रातून मिळालेला उसाच्या वजनाचा जुना कागद असेल, त्यानं तो रद्दीत घालू नये.